मागे उलटणारा क्रॉलर असा सावरला

माझा १:१० क्रॉलर (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दगडांवर चढणारी रिमोटची गाडी) उभ्या चढावर मागच्या मागे उलटायचा. महिनाभर मी मोटरलाच दोष देत होतो. खरी गोम चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात होती. बॅटरी मागे, तीही उंचावर! ती पुढे, चासीच्या दोन्ही रेल्सच्या (लांब पट्ट्यांच्या) मध्ये जमेल तितकी खाली बसवली. पुढच्या ॲक्सलला पितळी नकल (ॲक्सलच्या टोकाला चाक धरणारे भाग) लावले. हे वजन सस्पेन्शनच्या खालीच राहतं, त्यामुळे गाडी वरून जड होत नाही.

मग शॉक, म्हणजे धक्के शोषणारे स्प्रिंगवाले दांडे. जमिनीवर ठेवली की गाडी स्वतःच्या वजनाने थोडी बसायला हवी. माझी ताठ उभी राहायची. मऊ स्प्रिंगा घातल्या. आता खळग्यातही चाक खाली पोचतं, दगड सोडत नाही. ३१३ मिमी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तसाच ठेवला. चासी आणखी लांबवली असती तर पोट टेकलं असतं.

काल तोच कातळ गाडी हळूहळू, एका दमात चढली. फार बरं वाटलं!