उंदीर बरा झाला, पण कशातून? फुप्फुसांच्या रक्तदाबाच्या प्रयोगात या चुका टाळा

औषध तपासण्यासाठी उंदरांत फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब मुद्दाम वाढवायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी मोनोक्रोटालिनकडे जातो. खुळखुळ्याच्या कुळातल्या झुडपांच्या बियांमधलं हे विष. रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) किलोमागे 60 मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं की तीन-चार आठवड्यांत उजव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याची, भिंत जाड होते. स्वस्त आणि सोपं, म्हणूनच घसरायलाही सोपं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाचणीचं औषध त्याच दिवशी सुरू करणं. मोनोक्रोटालिन मुळात तितकं घातक नसतं, यकृतातली विकरं त्याचं खरं विष बनवतात. तुमच्या औषधाने ती विकरंच अडवली तर फुप्फुस वाचतं आणि आलेख झकास येतो. आजार बरा झाला असं आपण लिहितो, पण तो झालाच कुठे होता? रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याच्या धमन्या आधीच जाड झालेल्या असतात. म्हणून दोन-तीन आठवडे थांबा, इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) दाब वाढल्याची खूण पाहा, मग उपचार सुरू करा. निकाल फिका येईल, येऊ द्या.

माउसवर (छोट्या उंदरावर) मोनोक्रोटालिन वापरून हात पोळलेले बरेच आहेत. त्याचं यकृत हे विष रॅटसारखं बनवत नाही. त्याला 10 टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं तर दाब वाढतो, पण बेताचाच, आणि साध्या हवेत आणल्यावर आपोआप उतरू लागतो. त्या उताराचं श्रेय औषधाला देऊ नका, बिनऔषधाचा गटही तितकेच दिवस साध्या हवेत ठेवा. माणसासारख्या गुंतागुंतीच्या गाठी धमन्यांत हव्या असतील तर रॅटला सुजेन 5416 (रक्तवाहिन्यांच्या वाढीचा संदेश अडवणारं रसायन), तीन आठवडे कमी ऑक्सिजन आणि पुढे कित्येक आठवडे साधी हवा. शेवटचं वाट पाहणं कापलं तर गाठी दिसत नाहीत.

दाब अपेक्षेपेक्षा कमी आला? आधी भूल तपासा. केटामिन-झायलाझिनने हृदयाचे ठोके मंदावतात, तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी ठोकेही नोंदवा. मग द्रावण: मोनोक्रोटालिन आम्लात विरघळवून सामू 7.4 वर आणला होता का? वजनाच्या गुणोत्तरात (उजव्या जवनिकेचं वजन भागिले डावी जवनिका आणि मधला पडदा यांचं वजन) गोंधळ असेल तर बहुधा मधला पडदा उजव्या बाजूला चिकटून राहिलेला असतो. तो डाव्या जवनिकेबरोबर जातो, आणि तोलण्याआधी आतलं रक्त टिपून घ्यायचं.