ला पाझमध्ये दोन दिवस : या चुका टाळा

एकट्याने दक्षिण अमेरिका फिरायला निघालेले बरेच जण मला आपला आराखडा पाठवतात. त्यात बोलिव्हियातल्या ला पाझचं पान बहुतेकदा असं असतं : सकाळी सहाला विमानतळ, नऊला टेलेफेरिको, म्हणजे शहरावरून जाणारा रोपवे, अकराला चेटकिणींचा बाजार, दुपारी चंद्रदरी, संध्याकाळी किली किलीच्या टेकडीवरून सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी पहाटे 'मृत्यूच्या रस्त्या'वर, म्हणजे दरीकाठच्या घाटवाटेवर, सायकल. यातली प्रत्येक जागा बघण्यासारखी आहे. पण हा आराखडा करणाऱ्याने गावाचा नकाशा आडवा पाहिलेला असतो, उभा नाही. ला पाझमध्ये कुठे जायचं हे नंतर ठरवा. आधी किती उंचीवर जायचं ते ठरवा.

पहिल्याच दिवशी चढायला लागणं

या चुकीवर मी सर्वात जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातात.

ला पाझच्या वरच्या पठारावरच्या एल आल्टो शहराचा विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे आणि खाली शहराचा मध्य सुमारे ३,६४० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुम्ही मुक्काम करणार ते कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर. लेहसुद्धा याच्यापेक्षा थोडं खाली आहे. लेहला गेलं की पहिले दोन दिवस पडून राहायचं हे आता घरोघरी माहीत आहे. तीच माणसं ला पाझला मात्र बॅग टाकून लगेच बाहेर पडतात, कारण इथे बर्फ दिसत नाही. दिसतं ते गजबजलेलं शहर, आणि शहरात कुणाला विरळ हवा आठवत नाही.

माझ्या शेजारच्या खोलीत एकदा सांगलीचा एक मुलगा उतरला होता. वय सव्वीस, दर पावसाळ्यात हरिश्चंद्रगड करणारा. सांताक्रूझहून आला होता. ते शहर जेमतेम चारशे मीटरवर आहे, आणि विमानाने तासाभरात माणूस एकदम साडेतीन हजार मीटर वर येतो. मी म्हटलं, "आज झोप काढ, उद्या बघू." तो म्हणाला, "ताई, मला सवय आहे चढायची." दुपारभर तो सागार्नागा रस्त्याच्या चढावर हिंडला, तिथून चालत किली किली गाठली, रात्री हॉस्टेलमधल्या मुलांबरोबर दोन बिअर घेतल्या आणि डोकं दुखतंय म्हणून झोपेची गोळी खाऊन पडला.

रात्री दोनला त्याने माझं दार वाजवलं. सहा-सात वेळा उलटी झाली होती, उभं राहवत नव्हतं, ओठ निळसर पडले होते. हॉस्टेलची मालकीण आणि मी मिळून त्याला दवाखान्यात नेलं. सकाळपर्यंत ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरांनी खाली जायला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तो सांताक्रूझला परतला. 'मृत्यूच्या रस्त्या'वरच्या सायकलफेरीचे भरलेले पैसे गेले. ला पाझचं त्याने काय पाहिलं, तर एक चढाचा रस्ता आणि दवाखान्याचं छत.

त्याच्या पायांत ताकद नव्हती असं नाही. तंदुरुस्तीचा आणि विरळ हवा सोसण्याचा संबंधच नसतो. उलट तब्येतीने दणकट माणूस जास्त धावतो, म्हणून जास्त फसतो. दारू आणि झोपेच्या गोळीने झोपेतला श्वास आणखी मंदावतो, आणि त्या रात्री तर शरीराला जोरात श्वास घ्यायची गरज असते.

माझी पद्धत ठरलेली आहे. विमानतळावरून टॅक्सीने सरळ खाली यायचं. पहिला दिवस माझा नाहीच असं समजायचं : पाणी, गरम सूप, दुपारची झोप, संध्याकाळी सपाट रस्त्यावर अर्धा तास. मुक्काम जमेल तर दक्षिणेकडच्या कालाकोतोत. ती वस्ती मध्यापेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे आणि तेवढ्यानेही रात्रीच्या झोपेत फरक पडतो. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, घ्यायची असेल तर घरून निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. ती गोळी चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची असते, डोकं फुटायला लागल्यावर नाही. आणि गोळी घेतली म्हणून पहिल्या दिवशी किली किली चढायला मोकळीक मिळत नाही.

"पण माझ्याकडे दोनच दिवस आहेत," हे मला नेहमी ऐकवलं जातं. मग एकच दिवस फिरा. तो नीट फिरा.

टेलेफेरिकोला पाळण्यासारखं वापरणं

लोक लाल मार्गाने वर जातात, फोटो काढतात आणि त्याच मार्गाने खाली येतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. २०१४ साली सुरू झालेले हे रोपवे म्हणजे या शहराची लोकल आहे. दहा मार्ग आहेत. भाजीची पोती, शाळेची मुलं, घेरदार पोल्येरा नेसलेल्या आज्या, सगळे त्यातूनच जातात. मी गेले तेव्हा एका मार्गाचं तिकीट ३ बोलिव्हिआनो होतं आणि पुढचा मार्ग बदलायला आणखी २.

माझा फेरा असा : जुन्या रेल्वे स्टेशनातून लाल मार्गाने दफनभूमीवरून वर एल आल्टोला. वर कडेकडेने चंदेरी मार्ग. मग पिवळ्या मार्गाने डोंगरउतारावरच्या विटांच्या घरांवरून खाली, आणि शेवटी आकाशी मार्गाने शहरमध्यातल्या प्रादो रस्त्याला परत. मध्ये हिरवा मार्ग पकडून इर्पावीपर्यंत उतरलात, तर घरं, गाड्या, बागा सगळं पालटत जाताना दिसतं. या गावात गरिबी वर राहते आणि श्रीमंती खाली, जिथे हवा दाट आणि ऊबदार आहे. हे कुठल्याही गाइडशिवाय खिडकीतून कळतं. गुरुवारी किंवा रविवारी गेलात तर लाल मार्गाच्या वरच्या टोकाला सोळा जुलैचा प्रचंड बाजार भरलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर ६,४३८ मीटरचा इलिमानी पर्वत सबंध दिसतो.

हा फेरा दुसऱ्या दिवशी करायचा. वरची स्टेशनं चार हजारांवर आहेत.

पैशांची तयारी न करणं

यूपीआय इथे विसरा. डॉलर न्यायचे तर कोरे न्या. चिमटीएवढी फाटलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट परत येते, कितीही वाद घाला. सरकारी दर २०११ पासून वर्षानुवर्षं एका डॉलरला ६.९६ बोलिव्हिआनोच्या आसपास होता. २०२३ पासून डॉलरची टंचाई आली आणि बाजारातला दर वेगळा झाला. त्यामुळे जुन्या लेखातला आकडा धरून हिशेब करू नका, त्या सकाळी दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि दोनशेची नोट हातात आली की मोठ्या दुकानात मोडून घ्या. मिनीबसवाल्याकडे आणि बाजारातल्या बायकांकडे सुट्टे नसतात.

न विचारता फोटो काढणं

चेटकिणींच्या बाजारात वाळवलेली लामाची गर्भपिल्लं टांगलेली असतात आणि लोक कॅमेरा थेट नाकासमोर धरतात. तो तमाशा नाही. नवं घर बांधताना पायाखाली ते पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, अर्पण करतात. आपल्याकडे वास्तुशांत चालू असताना कुणी असं घुसलं तर आपण काय म्हणू? आधी "बुएनोस दियास, कासेरिता" म्हणा. बाजारात विकणारी आणि घेणारी एकमेकींना 'कासेरिता'च म्हणतात. काहीतरी विकत घ्या, मग विचारा. नाही म्हटलं तर नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शाकाहारी असाल तर नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, ताटात कोंबडी येते. "सिन पोयो" (कोंबडी नको) हेही सांगा. प्लातो पासेन्यो मागवा : कणीस, बटाटा, बाकल्याच्या शेंगा आणि तळलेलं चीज.

साध्या वेशातला माणूस 'पोलीस' म्हणून पासपोर्ट मागत टॅक्सीत बसायला सांगत असेल तर बसू नका. जवळच्या दुकानात किंवा हॉटेलात शिरा.

जून-जुलैत तिथे हिवाळा असतो. दुपारी ऊन भाजतं, रात्री पारा शून्याजवळ जातो, आणि स्वस्त खोल्यांत हीटर नसतो.

प्लाझा मुरियोतलं संसदेवरचं घड्याळ उलटं फिरतं. २०१४ मध्ये मुद्दाम तसं केलंय. तुमचं चुकत नाहीये.

परतीच्या दिवशी विमानतळाला जायला दुप्पट वेळ धरा. रास्ता रोको इथे नेहमीचा आहे आणि एल आल्टोत तो चटकन होतो.

आणि कोकाचा चहा. तिथे तो सकाळ-संध्याकाळ प्या, कायदेशीर आहे, पोटाला बरा वाटतो. पण त्याच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पानच येतं, आणि मुंबईच्या कस्टम्सला तुम्ही तो चहा म्हणून आणलात याने फरक पडत नाही. उरलेली पानं मी निघायच्या सकाळी जिच्याकडून घेतली त्याच कासेरिताला परत देते. ती बाई पानं पोत्यात ओतते आणि वाटेसाठी चार उकडलेले बटाटे कागदात बांधून देते.