व्हाउचरवाल्या माजी सैनिकाला घर भाड्याने देताना

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एखादं जास्तीचं घर घेऊन ते भाड्याने देणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. माझं काम बेघर माजी सैनिकांसाठी घरं शोधण्याचं, त्यामुळे तुमच्यापैकी काहींना माझा फोन येऊनही गेला असेल. ‘व्हाउचर’ म्हटलं की समोरून उत्तर येतं, “नको हो, फार कटकट असते.” ती कटकट नेमकी कुठे असते आणि कशी टाळायची, ते सांगते.

आधी व्यवहार समजून घ्या. ‘हड-व्हॅश’ या योजनेत फेडरल गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं आणि माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, केस मॅनेजर देतं, म्हणजे भाडेकरूच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, बाकीचं भाडं स्थानिक हाउसिंग एजन्सी तुम्हाला देते. त्याचं उत्पन्न घटलं तर त्याचा वाटा कमी होतो आणि एजन्सीचा वाढतो. भाडं बुडेल ही भीती म्हणूनच मला पटत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाने माजी सैनिकांचं बेघरपण आटोक्यात आणल्याचं जाहीर केलं, तसं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. याचा अर्थ पुढे कुणी बेघर होणारच नाही असा नव्हता. झालाच तर त्याला लवकर कायमचं घर मिळेल अशी व्यवस्था उभी राहिली, एवढाच होता. देशभरात २०१० साली ७४ हजारांवर माजी सैनिक बेघर होते, जानेवारी २०२४ च्या मोजणीत ३२,८८२. व्हाउचर हाती असूनही घर न मिळालेले लोक मला रोज भेटतात. घर शोधायला किमान १२० दिवस मिळतात, आणि नकार ऐकता ऐकता ते भराभर सरतात.

अर्जदार पारखताना क्रेडिट स्कोअरवर अडून बसू नका. गाडीत झोपणाऱ्याचा स्कोअर चांगला कुठून असणार? त्यापेक्षा आधीच्या घरमालकाशी बोला, केस मॅनेजर किती वेळा घरी येणार ते विचारा. आजार कोणता, औषधं कोणती, हे विचारू नका. कायद्यालाही ते चालत नाही. जुलै २०२० पासून व्हर्जिनियात भाड्याचा पैसा व्हाउचरचा आहे एवढ्या कारणावरून नकार देणं बेकायदा आहे. मोजकीच घरं असलेल्या मालकांना त्यातून सूट आहे, पण तुम्ही ती वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण तपासणीची. एजन्सीचा इन्स्पेक्टर येतो, शेगडीचे सगळे बर्नर पेटवून बघतो, खिडक्यांच्या कड्या लावून बघतो, स्मोक अलार्म वाजवतो. सलग चार किंवा जास्त पायऱ्या असतील तर कठडा हवाच. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि तिथे सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर रंगाचे पोपडे चालत नाहीत, कारण त्यात शिसं असू शकतं. एका घरात बाकी सगळं ठीक होतं, फक्त बाथरूममधल्या प्लगचं कव्हर तडकलेलं. हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळणारी वस्तू! फेरतपासणीची तारीख लांबली आणि करारावर सही करायला आलेले नौदलातले मेकॅनिक त्या रात्री परत गाडीत झोपले. म्हणून आदल्या दिवशी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक खोलीत फिरा, प्रत्येक प्लग आणि खिडकी स्वतः बघा.

घर पास व्हायच्या आत किल्ली देऊ नका, त्या दिवसांचं भाडं एजन्सी देत नाही. डिपॉझिट व्हर्जिनियात जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं, आणि ते भरायला व्हीएच्याच ‘एसएसव्हीएफ’ योजनेतून बऱ्याचदा मदत मिळते. भाडं वाढवायचं असेल तर किमान ६० दिवस आधी एजन्सीला लेखी कळवा.

भाडेकरू दार उघडेनासा झाला, घरात कचरा साचू लागला, तर नोटीस काढण्याआधी केस मॅनेजरला फोन करा. अशा वेळी धावून जाणं हेच त्याचं काम आहे.

घर रिकामं असेल तर आजच तुमच्या भागातल्या हाउसिंग एजन्सीला फोन करून ‘व्हॅशसाठी घर आहे’ एवढंच सांगा. आणि ओळखीतल्या एखाद्या माजी सैनिकावर घर सोडायची पाळी आली असेल, तर त्याला १-८७७-४२४-३८३८ हा व्हीएचा नंबर द्या. तो चोवीस तास चालू असतो आणि घर सुटायच्या आधीही तिथे मदत मागता येते.