सिनेमा, क्रिकेट आणि गड्डा यात्रा: इंग्रजी शिकताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातलं पोर घरी तेलुगू बोलतं, गल्लीत कन्नड ऐकतं, शाळेत मराठी शिकतं आणि हिंदी सिनेमे बघून मोठं होतं. इतका तयार कान असूनही पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला बसलं की तेच पोर गप्प होतं. मोबाइलवर इंग्रजी सिनेमे पाहिलेले असतात, कॉमेंटरी ऐकलेली असते, तरी तोंड उघडत नाही. बऱ्याचदा दोष बघण्या-ऐकण्याच्या पद्धतीत असतो.

इंग्रजी सिनेमा हिंदी सबटायटल लावून बघू नका. डोळे वाचत बसतात आणि कानाला कामच उरत नाही. सबटायटल इंग्रजीच ठेवा. अख्खा सिनेमाही नको, दोन मिनिटांचा एक प्रसंग पुरे. आधी नुसता ऐका, मग वाचत ऐका, मग पात्राच्या जोडीनं मोठ्यानं बोला. त्यात आठवडा गेला तरी जाऊ द्या.

गाणी उच्चारासाठी आणि लयीसाठी चांगली. व्याकरण मात्र त्यांच्यावरून शिकू नका, चालीत बसवायला तिथं शब्द सर्रास मोडतात.

क्रिकेटच्या कॉमेंटरीतून एक चूक नकळत अंगवळणी पडते. समालोचक डोळ्यांसमोरचं सांगतो, म्हणून 'ही हिट्स इट स्ट्रेट', 'ही टेक्स द कॅच' असं बोलतो. पोरं तेच उचलून कालच्या मॅचबद्दल 'यस्टरडे ही टेक्स द कॅच' म्हणतात. रात्री कॉमेंटरी ऐकली की सकाळी त्याच मॅचची बातमी इंग्रजी पेपरात वाचा. 'टेक्स'चं 'टुक' कसं झालं, ते तिथं लगेच दिसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. बोलायला विषय हवा म्हणून लोक परक्या विषयांवरचे निबंध पाठ करतात आणि सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच आपली गड्डा यात्रा, सोडून देतात. जानेवारीतल्या या यात्रेचा क्रम लहान मुलालाही ठाऊक असतो. सात नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा, संक्रांतीला होम, मग शोभेचं दारूकाम. काय सांगायचं ते डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे सगळं लक्ष वाक्याकडे देता येतं.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे 'एव्हरी इयर पीपल आर कॅरिइंग द नंदीध्वज'. दरवर्षी घडतं, म्हणून 'पीपल कॅरी'. गेल्या यात्रेत पाहिलं, तर 'आय सॉ'. मिरवणूक समोरून चालली असेल तेव्हाच 'आर कॅरिइंग'. नंदीध्वजाला इंग्रजी शब्द शोधत अडकू नका. नाव तसंच ठेवा आणि उंच सजवलेली काठी, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ती पेलून चालतात, एवढं साध्या वाक्यात सांगा.

सरावासाठी यात्रेचा मोबाइलवरचा व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि मिनिटभर स्वतः कॉमेंटरी करा. ती रेकॉर्ड करून ऐकताना पहिल्यांदा फक्त क्रियापदं तपासा. उच्चारांचं दुसऱ्या फेरीत बघा. दोन्ही एकदम धरायला गेलात की बोलणं पुन्हा अडखळतं.