विमानातली आयल चेअर बनवताय? या चुका टाळा

कुपवाड काय किंवा सातारा एमआयडीसी काय, नळी वाकवणारे आणि टिग वेल्डिंग करणारे उत्तम हात आपल्याकडे आहेत. दवाखान्याची व्हीलचेअर बनवणं इथल्या शेडला अवघड नाही. म्हणूनच विमानातल्या आयल चेअरची चौकशी आली, की "तीच खुर्ची, जरा अरुंद करू" म्हणत लोक थेट नळी कापायला घेतात. प्रवाशाला दारापासून सीटपर्यंत आणि उड्डाणात शौचालयापर्यंत नेणारी ही खुर्ची. ती कोणत्या विमानात जाणार, तिथे कुठे ठेवणार, कोणता नियम लागू आणि मंजुरी कोण घेणार, ही चार उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय करवतीला हात लावू नका. खुर्ची सुटी वस्तू असली, तरी ती अडकवायची जागा, पट्टा आणि लॅच हा विमानाच्या रचनेतला बदल ठरतो. त्याला डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते, आणि बदल मोठा असेल तर एसटीसी, म्हणजे मोठ्या बदलासाठीचं वेगळं मंजुरीपत्र.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो आगीच्या चाचणीपायी

गादी, फोम आणि कापडासाठी मोठ्या विमानांच्या सुरक्षा नियमातल्या कलम २५.८५३ची १२ सेकंदांची उभी चाचणी असते, म्हणजे नमुना उभा टांगून खालून ज्योत लावतात. जळालेली लांबी २०३ मिमीच्या आत हवी, ज्योत काढल्यावर १५ सेकंदांत विझायला हवी, आणि खाली पडलेला थेंब ५ सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये. किमान तीन नमुने जाळून सरासरी धरतात. कापड असेल तर ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने वेगळे नमुने लागतात. नमुने आधी साधारण २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवायचे असतात. पावसाळ्यात शेडमधून पिशवीत घालून लॅबला पाठवलेला नमुना तसाच जाळला, तर तो निकाल कुणी मानत नाही.

साताऱ्यातल्या एका शेडमधला प्रकार सांगण्यासारखा आहे. फोम पास, रेग्झिन पास, दोन्ही रिपोर्ट फाइलला लावलेले. ऑर्डर आल्यावर गाद्या नेहमीच्या कारागिराकडे गेल्या. त्याने सोफ्याला लावतात तेच चिकटवायचं सोल्यूशन ब्रशने भरपूर फासलं. त्यात रेग्झिनचा रोल संपला, म्हणून त्याच रंगाचा दुसरा आणला. तपासणीत गादी कापून जाळली, तर सोल्यूशनचा थरच पेटत वर गेला. सगळा लॉट रद्द झाला. कारागिराचा यात दोष नाही, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. फोम आणि रेग्झिन वेगवेगळे पास झाले म्हणजे चिकटवलेली गादी पास झाली, असं होत नाही. विमानात जशी बसणार तशीच, सोल्यूशनसकट कापलेली गादी जाळून बघायची. सोल्यूशनचं नाव आणि चौरस मीटरला किती ग्रॅम, हे ड्रॉइंगवर लिहायचं. चाचणी झालेल्या रोलचा वीतभर तुकडा लॉट नंबर लिहून फाइलमध्ये ठेवायचा. नवा रोल आला की तो या तुकड्याशेजारी ठेवून मागची बाजूसुद्धा बघायची, कारण फरक बहुतेक वेळा अस्तरात असतो. रोल बदलला, की नवा रिपोर्ट. इथे "चालतंय की" चालत नाही.

पट्ट्याची चाचणी वेगळी. तो आडवा जाळतात आणि वेग मिनिटाला ६३.५ मिमीच्या आत लागतो. गादीला ऑइल बर्नरची चाचणीही लागणार का, हे आधीच लेखी विचारून घ्या, कारण ती महाग आहे.

दुसरी मोठी चूक: खुर्चीची ताकद बघतात, अडकवण्याची बघत नाहीत

दीडशे किलोचा माणूस बसवून फोटो काढतात आणि काम झालं म्हणतात. वापर नसताना खुर्ची विमानातल्या कपाटात अडकवून ठेवतात, आणि खरी भीती तिथून सुटलेल्या खुर्चीची आहे. आणीबाणीच्या लँडिंगसाठी त्याच नियमाच्या कलम २५.५६१मध्ये पुढे ९ जी (म्हणजे वस्तूच्या वजनाच्या नऊपट ओढा), खाली ६, वर ३, बाजूला ३ आणि मागे १.५ जी धरले आहेत. शिवाय जी वस्तू सतत काढ-घाल करतात, तिच्या जोडणीला १.३३ने गुणायचं असतं, आणि आयल चेअर नेमकी तशीच आहे. खुर्ची १२ किलोची असेल तर १२ गुणिले ९ म्हणजे १०८, आणि त्याला १.३३ने गुणलं की जवळपास १४४ किलो. एवढा ओढा लॅच आणि पट्ट्याने पुढच्या दिशेने ३ सेकंद न तुटता सोसायला हवा. हे अंतिम भार आहेत, म्हणजे त्यावर आणखी सुरक्षेची पट लावायची नसते. तरी त्यावर पुन्हा दीडपट लावून धातूच्या जाड पट्ट्या ठोकणारेही असतात, आणि मग वजन वाढलं की गणित पुन्हा पहिल्यापासून. कपाटावर कमाल वजनाची पाटी असते. आत आधीपासून काय ठेवतात ते विचारा आणि खुर्चीचं वजन त्यात धरा.

वेल्डिंगबद्दल एवढंच: ६०६१-टी६ ही उष्णता देऊन कडक केलेली ॲल्युमिनियमची नळी वेल्ड केली, की जोडाशेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते. गणितात टी६चा आकडा घालून मोकळे होऊ नका.

१६ जीच्या स्लेड चाचणीवर (सीट घसरगाड्यावर बसवून झटका देतात ती) पैसे घालवू नका. ती टेकऑफ आणि लँडिंगला माणूस बसतो त्या सीटसाठी आहे, आणि आयल चेअरवर तेव्हा कुणी बसत नाही.

रुंदीत घाई नको. वीस किंवा जास्त प्रवाशांच्या विमानात मार्गिका जमिनीपासून ६३५ मिमी उंचीपर्यंत किमान ३८१ मिमी आणि त्यावर ५०८ मिमी असते. चाकं, ब्रेकचा दांडा, बोल्टचं डोकं, सगळं धरून बाहेरची रुंदी ३५० मिमीच्या आत ठेवा. प्रवाशाचे कोपर आणि गुडघेही मोजा, म्हणजे त्याला खरचटणार नाही. अमेरिकेला माल पाठवायचा असेल, तर तिथला २०२३चा नियम वाचा: एकाच मार्गिकेच्या, १२५ किंवा जास्त सीटच्या विमानातली नवी खुर्ची कमोडच्या बंद झाकणावर मागे सरकवून नेता यायला हवी.

रिकामी खुर्ची ढकलून ब्रेक पास म्हणू नका. वजन ठेवून, उतारावर, चारही दिशांनी बघा.

शेवटी कागद. सीए फॉर्म १, म्हणजे सुटा भाग विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला, देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त संस्थेलाच आहे. शेडने स्वतःच्या लेटरहेडवर "एअरवर्दी" (उड्डाणयोग्य) लिहून माल पाठवला, तर तो स्टोअरमध्ये पडून राहतो. शेडने द्यायचं ते ड्रॉइंगची रेव्हिजन, नळीचा हीट नंबर (धातूच्या ओतकामाचा क्रमांक), रोलचा लॉट आणि गादीचा रिपोर्ट एकमेकांना जोडणारं अनुरूपतेचं प्रमाणपत्र. ते कोणत्या संस्थेच्या नियंत्रणाखाली स्वीकारलं जाणार, हे ॲडव्हान्स घेण्याआधी करारात लिहून घ्या.