जुने लेगो घेतले पण सूचनापुस्तिका नाही? असं शोधा

सेकंडहँड लेगोची पिशवी स्वस्तात मिळते, पण खोका नाही, पुस्तिका नाही, मग मुलं विचारतात याचं काय बनवायचं.

१. सेट नंबर माहीत असेल तर काम झालंच, लेगोच्या साइटवर टाका, बहुतेक सेटच्या पुस्तिकेची पीडीएफ फुकट डाउनलोड होते, फार जुन्या सेटची कधीकधी नसते. विकणाऱ्याला आधी नंबर विचारून घ्या, बऱ्याचदा त्याच्या लक्षात असतो.

२. नंबर नसेल तर ढिगातला सगळ्यात वेगळा तुकडा काढा, म्हणजे छापील चित्राचा, विचित्र आकाराचा किंवा सरळ छोटा माणूस, कारण माणसाच्या अंगावरची छपाई बहुतेक वेळा मोजक्याच सेटमध्ये असते. बहुतेक तुकड्यांच्या आतल्या बाजूला बारीक नंबर असतो, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतो, पण तो आकाराचा नंबर असतो, छपाईचा नाही.

३. तो नंबर रिब्रिकेबल किंवा ब्रिकलिंक या लेगोच्या तुकड्यांची माहिती देणाऱ्या साइटवर शोधा, छापील तुकडा असेल तर तिथल्या फोटोंमधून तुमची छपाई निवडा, कुठल्या कुठल्या सेटमध्ये आलाय ती यादी मिळते, रंग निवडला की अजून कमी होते. साध्या २×४ विटेचा ३००१ शोधत बसू नका, ती शेकडो सेटमध्ये आहे.

फक्त आधी वरच्या गोल उंचवट्यांवर इंग्रजीत LEGO असं उठावाचं लिहिलंय का बघा, उंचवटे असूनही ते नसेल तर तो तुकडा बहुधा दुसऱ्या कंपनीचा, वेगळा काढा.