शाळेची निसर्गसहल: खान्देशातील शिक्षकांसाठी

निसर्गसहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच काढावी, कारण मार्चपासून खान्देशातील ऊन मुलांना सोसवत नाही आणि हतनूर धरणाच्या जलाशयावर येणारे स्थलांतरित पक्षीही हिवाळ्यातच पाहता येतात. चाळीसगाव परिसरातील शाळांना गौताळा औट्रमघाट अभयारण्यातील पाटणादेवी जवळ पडते, तर रावेर-यावलकडील शाळांना सातपुड्यातील पाल आणि १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य सोयीचे आहे. वनविभागाची लेखी परवानगी आणि पालकांची संमतिपत्रे आधीच घ्यावीत.

स्थळ ठरल्यावर शिक्षकाने एकदा स्वतः तेथे जाऊन यावे. पाणी, स्वच्छतागृह आणि जवळचा दवाखाना कोठे आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मुलांना नेणे मला योग्य वाटत नाही.

एका दिवसात सारे जंगल दाखवण्याचा हट्ट धरू नये. दहा मुलांमागे एक शिक्षक नेमून प्रत्येक गटाला एकच काम द्यावे. उदाहरणार्थ, अंजनाचे आणि आपट्याचे पान शेजारी ठेवून चित्र काढायला सांगावे. दोन्ही प्रथमदर्शनी सारखी दिसतात. परंतु आपट्याचे पान एकच असून टोकाशी दुभंगलेले असते, तर अंजनाच्या पानात दोन स्वतंत्र पर्णिका देठाशी जोडलेल्या असतात. हा फरक मुलांना स्वतःच शोधू द्यावा, आधी सांगू नये. पाने मात्र जमिनीवर पडलेलीच उचलावीत आणि चित्र झाल्यावर तेथेच ठेवावीत.

डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असला, तर प्लॅस्टिकच्या वेष्टनांचा प्रश्नच उरत नाही.